वाचक विचारतात : पक्क्या पाठीच्या सीटचा कोन कसा बदलायचा?

प्रश्न : माझ्याकडे १९६७ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे कापडी हुडची दोन-सीटी ब्रिटिश गाडी आहे. सीटची पाठ पक्की आहे, मागे झुकत नाही. जळगावहून धुळ्याला पोचेपर्यंत कंबर भरून येते. पाठ तीनेक अंश मागे न्यायची आहे. कुशनवाला म्हणतो, फ्रेम कापून वेल्डिंग करू. रनरच्या, म्हणजे ज्या पट्टीवर सीट पुढे-मागे सरकते तिच्या, पुढच्या आणि मागच्या बोल्टमध्ये ३४० मिमी अंतर आहे. रनरखाली १२ मिमी जाडीच्या लाकडी पट्ट्या आहेत. (एक वाचक, जळगाव)

उत्तर : फ्रेमला हात लावू देऊ नका. जुन्या नळीच्या फ्रेमवर नवं वेल्डिंग केलं की चीर जाते ती जोडावर नाही, त्याच्या शेजारी, उष्णतेने नरम पडलेल्या जागी. मागून धडक बसली तर सगळा भार तिथेच येतो. शिवाय एकदा कापलेली मूळ फ्रेम परत मिळत नाही. तुम्हाला हवे ते तीन अंश रनरखालूनच मिळतात, आणि उद्या गाडी मूळ अवस्थेत आणायची झाली तर तासाभरात आणता येते.

पण पॅकिंगच्या, म्हणजे रनरखाली तुकडे घालण्याच्या, आधी गादी काढून खालचे रबरी पट्टे किंवा रबरी पडदा पाहा. आपल्याकडच्या उन्हात हे रबर कडक होतं, तडकतं आणि शेवटी लोंबतं. मग बूड मागच्या बाजूला खचतं, गुडघे वर येतात आणि कंबर पाठीपासून सुटते. बसणाऱ्याला वाटतं पाठ फार उभी आहे, खरा दोष मात्र गादीत असतो. आधी पट्टे बदला, फोम दबला असेल तर चाळीस डेन्सिटीचा नवा घाला, आणि सलग अर्धा तास बसून बघा. बऱ्याच गाड्यांचं काम इथेच संपतं. पाठीच्या बुडाशी कव्हराखाली लॉकनट असलेला टेकू-स्क्रू दडलेला नाही ना, हेही चाचपून घ्या. काही जुन्या दोन-सीटी गाड्यांत तो असतो.

तरीही कोन हवा असेल तर आधी मोजा. पाठीच्या मधोमध सरळ लाकडी पट्टी उभी धरा आणि तिच्यावर डिजिटल कोनमापक किंवा मोबाइल टेकवा. शून्य मात्र गाडीच्या दाराखालच्या पट्टीवर धरा, अंगणाच्या जमिनीवर नाही. चढउताराच्या जागेवर घेतलेलं माप फसवतं.

आता हिशेब. ३४० मिमी अंतरावर एक अंश म्हणजे ६ मिमीचा फरक, तीन अंशांना १८ मिमी. हा सगळा फरक पुढून उचलून मिळवला तर मांड्या स्टिअरिंगला घासतील. म्हणून १२ मिमीच्या लाकडी पट्ट्या काढून मागे सरासरी २ मिमीची पाचर द्या आणि पुढे सरासरी २० मिमीची. मागची बाजू १० मिमी खाली जाते, पुढची ८ मिमी वर येते, आणि डोक्यावर हुडखाली जरा जागाही होते.

पाचर का, सपाट तुकडा का नाही? रनर तीन अंशांत तिरपा झाला की सपाट तुकड्यावर तो फक्त एका कडेवर टेकतो. भार त्या एका रेषेवर येतो, पत्रा दबतो आणि बोल्ट ढिला होतो. ४० मिमी लांबीच्या तुकड्याला तीन अंशांसाठी दोन्ही टोकांत २ मिमीचा फरक लागतो. म्हणजे मागचा तुकडा १ ते ३ मिमी आणि पुढचा १९ ते २१ मिमी, जाड बाजू गाडीच्या नाकाकडे. लेथ-मिलिंगवाल्याला हेच आकडे कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलं की सूत-दोन सुतांची चूक होतेच, आणि एक सूत म्हणजे ३ मिमीहून जास्त, इथे अर्धा अंश.

तुकडे अॅल्युमिनियमच्या पट्टीतून करा आणि खाली प्रायमरचा हात द्या, नाहीतर पावसाळ्यात पत्रा आणि अॅल्युमिनियम जिथे भिडतात तिथे गंज धरतो. मागचा पातळ तुकडा पोलादी केला तरी चालेल. पूर्ण सुकलेलं सागवान वॉर्निश करून पुढे वापरता येतं, पण एका उन्हाळ्यानंतर ते आकसतं आणि बोल्ट पुन्हा ओढावे लागतात. पीव्हीसी किंवा एचडीपीईचे तुकडे जळगावात सहज मिळतात, पण ते अजिबात नकोत. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान साठच्या पुढे जातं. त्या उष्णतेत, कायमच्या दाबाखाली प्लॅस्टिक हळूहळू पसरतं. रबरही तसंच.

बोल्ट सोडवायला सीट पूर्ण मागे सरकवा म्हणजे पुढचे बोल्ट दिसतील, पूर्ण पुढे घेतली की मागचे. आदल्या रात्री खालून गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. या गाड्यांचे आटे यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे असतात. अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची बोल्टला इंचात २४ आटे असतात, आणि डोक्याला १/२ इंची पाना लागतो. १३ मिमीचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण डोकं गोल करतो. एम-८चा, म्हणजे ८ मिमीचा मेट्रिक बोल्ट त्याहून घातक. पहिले दोन-तीन आटे हाताने जातात, नंतर पान्याने ओढला की जमिनीतला पक्का नट कापला जातो. मग पूर्ण फ्लोअर उघडल्याशिवाय इलाज नाही.

पुढचे बोल्ट आता ८ मिमी लांब लागतील, मागचे १० मिमी आखूड. चारही एकाच मापाचे आणू नका. नटमध्ये किमान ८ मिमी आटा गेलाच पाहिजे. डोक्यावर तीन रेघा असलेला ग्रेड-५ बोल्ट घ्या आणि डोक्याखालीही तीन अंशांचा तिरपा वॉशर घाला, नाहीतर बोल्ट वाकून बसतो. या वॉशरने डोकं उंच होतं, म्हणून घट्ट करण्याआधी रनरची वरची सरकती पट्टी त्यावरून पूर्ण जाते का पाहा. ताण २२ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतो. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

पाठीचा माथा रनरपासून ५५० मिमी उंच असेल तर तीन अंशांत तो जवळपास २९ मिमी मागे जातो. सीट शेवटच्या खाचेत नेऊन तो मागच्या भिंतीला किंवा हुडच्या सांगाड्याला लागत नाही ना, हे काम सुरू करण्याआधीच मोजा. हातही तेवढेच स्टिअरिंगपासून लांब जातात, म्हणून सीट बहुधा एक खाच पुढे घ्यावी लागेल.

प्रश्न : पुढच्या बोल्टखाली वायसर (वॉशर) घालून सीट उचलली. आता सीट सरकत नाही, आणि सीट जागेवर धरणारा खटका कधी एका बाजूलाच अडकतो. (एक वाचक, धुळे)

उत्तर : वायसरच्या चळती डाव्या-उजव्या रनरखाली सारख्या उंचीच्या नाहीत, आणि रनर एकमेकांना समांतर राहिलेले नाहीत. चारही बोल्ट ढिले करा. दोन रनरमधलं अंतर पुढे आणि मागे मोजा, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन्ही कर्ण मोजा. एक मिमीपेक्षा जास्त फरक नको. उंचीसाठी दोन्ही रनरवर आडवी सरळ पट्टी ठेवा. ती डुलली तर पीळ आहे. आधी बोल्ट हातानेच लावा, सीट दोनदा पूर्ण मागे-पुढे सरकवा म्हणजे रनर आपली जागा घेतील, आणि मग कर्णाच्या क्रमाने आवळा.

वायसर मात्र काढाच. पाच-सहा वायसरांची चळत घट्ट वाटते, पण प्रत्येक जोडात थोडी थोडी हालचाल असते. रस्त्याच्या हादऱ्यांनी ती वाढत जाते. शिवाय सगळा भार बोल्टभोवतीच्या छोट्या वर्तुळावर पडतो, आणि जुना पत्रा तिथूनच फाटतो. एकाच बाजूला अडकणारा खटका दुर्लक्षू नका. कन्नडच्या घाटात उतारावर ब्रेक मारताना सीट सुटली तर पाय पेडलवर राहणार नाही.

प्रश्न : पाठ जितकी मागे तितका आराम जास्त, हे खरं का? सहा अंश घेऊ का? (एक वाचक, शहादा)

उत्तर : नाही. सहा अंशांत हनुवटी छातीकडे ओढून रस्ता पाहावा लागतो आणि दुखणं कंबरेतून मानेत जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुरक्षेचा पट्टा (सीटबेल्ट). जास्त कललेल्या शरीरावर कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडावरून सरकून पोटावर येतो, आणि धडकेत माणूस त्याच्याखालून पुढे घसरतो. तीन-चार अंशांवर थांबा, आणि कोन बदलल्यावर पट्टा हाडावरच बसतो का हे पाहा. पट्ट्याचे बोल्ट ७/१६ इंची, २० आट्यांचे असतात. त्यांची जागा बदलू नका, आणि पट्टा कधीही रनरच्या बोल्टला अडकवू नका.

प्रश्न : घरी दोघे चालवतो, उंचीत बराच फरक आहे. दोघांसाठी वेगळा कोन हवा. (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : रनर उंच माणसाच्या मापाने बसवा. बुटक्या व्यक्तीसाठी कमरेमागे फोमची पातळ उशी करून घ्या, साधारण ३० मिमीची, वर निमुळती होत जाणारी आणि पाठीला मागून पट्ट्याने बांधलेली. सुटी उशी ठेवू नका, वळणावर ती सरकते. बुडाखाली जाड उशी तर नकोच, तिने दृष्टी उंचावते पण पट्ट्याचा कोन बिघडतो.