झाडाखालची बाई आणि पुसलेली राणी

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्यातलं रविवर्म्याचं दमयंती आणि हंसाचं चित्र आता फ्लॅटमध्ये आणून लावलंय. सातवीतली मुलगी ते बघून म्हणाली, आई, जुन्या चित्रांत बायका कायम बागेतच का उभ्या असतात, यांना काही काम नव्हतं का? नक्की काय सांगावं तिला?
– एक वाचक ताई, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, लेकीचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि माझ्या मते जुनी चित्रं बघायला सुरुवात इथूनच करावी. बाई किती सुंदर काढलीये हे नंतर बघू, आधी तिच्या हातात काय आहे ते बघायचं आणि तिला कोण बघतंय ते बघायचं. तुमच्या चित्रातल्या दमयंतीला हंस नलाबद्दल सांगतोय आणि ती ऐकतेय, एवढंच तिचं काम. पण ती तिथे पोचेपर्यंत मागे काही शतकांची परंपरा आहे.

राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रं घ्या. त्यातली बाग म्हणजे नायिकेचं मनच असतं बघा. नायिकेचे आठ प्रकार आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात सांगितलेत आणि चित्रकारांनी ते पिढ्यानपिढ्या काढले. विप्रलब्धा म्हणजे जिला भेटायचं कबूल करून तो आलाच नाही, ती झाडाखाली उभी राहून अंगावरचे दागिने काढून फेकतेय, शेजारी पानांची शेज तशीच रिकामी. अभिसारिका भर पावसात निघालीये, वीज चमकतेय, पायाशी साप आणि पायातलं पैंजण गळून पडलंय म्हणून ती मागे वळून बघते. रागरागिण्यांचीही चित्रं काढायचे, त्यातल्या तोडी रागिणीत एकटी बाई वीणा घेऊन रानात आणि हरणं तिच्याभोवती गोळा झालेली. यात बाईचं तोंड फारसं काही सांगत नाही, सगळं झाड, पक्षी, ढग, वेलीच सांगतात, आंब्याला बिलगलेली वेल काढली की चित्रकाराला आणखी काही सांगायची गरज नसायची. तोंडं सारखीच दिसायचं एक कारण असंही आहे की राजघराण्यातल्या बायका पडद्यात, चित्रकार बहुतेक पुरुष, त्यांना त्या प्रत्यक्ष बघायला मिळायच्याच नाहीत, मग एक ठरलेला चेहरा घ्यायचा आणि भावना बागेवर सोपवायची.

आता आपल्या जवळचं उदाहरण सांगते, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. अहमदनगरच्या निजामशाहीत 1565 च्या सुमारास हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं एक सचित्र फारसी काव्य तयार झालं, तारीफ-ए-हुसेनशाही, त्याचं हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात एक चित्र दोहदाचं आहे. सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाडाला बहर येतो ही आपली फार जुनी कल्पना, सांचीच्या तोरणावर झाडाची फांदी धरून उभी असलेली शालभंजिका आहे ना, तीच परंपरा. म्हणजे मुसलमान सुलतानाच्या दरबारी पुस्तकात ती झाडाखालची बाई आरामात येऊन उभी राहिली. त्याच पुस्तकात खुंजा हुमायूँ नावाची राणी आपल्या नवऱ्याच्या, म्हणजे हुसेनशहाच्या शेजारी बसलेली काढली होती, जी गोष्ट त्या काळी दुर्मिळ. हुसेनशहा गेल्यावर लहान मुलाच्या नावाने तिने कारभार चालवला, पुढे त्याच मुलाने तिला कैद केलं, आणि पुस्तकातल्या तिच्या आकृत्या कोणीतरी पुसून, रंग फासून नाहीशा केल्या. झाडाला हात लावणारी बाई मात्र तशीच राहिली, तिला कोणाची हरकत नव्हती. तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथेच दिसतं. बागेतली बाई सगळ्यांना चालायची, सिंहासनावरची चालायची नाही.

दख्खनच्याच विजापूरचं एक चित्र मात्र वेगळं आहे, सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं, सध्या डब्लिनच्या चेस्टर बीटी लायब्ररीत. एक योगिनी उभी आहे, हातावर मैना, आजूबाजूला तिच्या उंचीला येतील एवढाली फुलं. ती कोणाची वाट बघत नाहीये, कोणासाठी नटलेली नाहीये. माझं सगळ्यात आवडतं हेच.

युरोपात सुरुवात मेरीमातेपासून. फ्रँकफर्टच्या श्टेडेल म्युझियममध्ये 1410 च्या आसपासचं एक छोटंसं चित्र आहे, उंची जेमतेम 26 सेंटिमीटर. भिंतीने बंद केलेली बाग, भिंत म्हणजे मेरीचं पावित्र्य. पण आत बघा काय चाललंय, मेरी पुस्तक वाचतेय, एक जण चेरी तोडतेय, एक हौदातून पाणी काढतेय, एक जण बाळ येशूला तंतुवाद्य वाजवायला देतेय. सगळ्यांचे हात कामात! त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी, 1767 मध्ये, फ्रेंच चित्रकार फ्रागोनारने झोका काढला, त्यात गुलाबी झग्यातली बाई झोक्यावर, चप्पल हवेत उडालेली, खाली झुडपात लपलेला प्रियकर तिला बघतोय आणि मागे अंधारात एक म्हातारा झोक्याची दोरी ओढतोय. बाग तीच, पण आता ती बाई फक्त बघायची गोष्ट झाली. रंगकाम अप्रतिम आहे, ते नाकारता येणार नाही, पण मला त्या चित्रात तिच्यापेक्षा तो झुडपातला माणूसच जास्त दिसतो.

मग बायकांनीच ब्रश हातात घेतल्यावर काय झालं? पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने मुलींना 1897 पर्यंत प्रवेशच दिला नाही. कॅफेत, रात्रीच्या नाटकघरांत जाऊन पुरुष चित्रकार स्केचेस करायचे, चांगल्या घरच्या बाईला तिथे एकटं बसायची सोय नव्हती, म्हणून बेर्थ मोरिसो आणि मेरी कॅसॅट या तिथल्या दोन चित्रकार बायकांनी घर, गच्ची, बाग हेच आपलं जग घेतलं आणि त्यात काय काय काढलं! कॅसॅटची बहीण लिडिया 1880 च्या चित्रात बागेत बसून क्रोशाचं विणकाम करतेय, मान खाली, आपल्याकडे बघतही नाही. ती तेव्हा आजारी होती, दोन वर्षांनी गेली. आणि मोरिसोने 1881 मध्ये पॅरिसजवळच्या बूजिव्हाल गावातल्या बागेत आपल्या नवऱ्याला बसवलं, छोट्या मुलीशी खेळताना! बागेत बाप आणि मुलगी, चित्र काढणारी आई. लेकीला हे चित्र नक्की दाखवा.

आणि तिने विचारलेलं काम, म्हणजे खुरपणं, पाणी देणं, ते करणाऱ्या बायका मोठ्या चित्रांत फार उशिरा आल्या. पिसारो या चित्रकाराने पॅरिसजवळच्या पाँत्वाझच्या भाजीच्या मळ्यांत राबणाऱ्या बायका काढल्या, कोबी, वाफे, वाकलेल्या पाठी. आपल्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत थिनिंगला (घडातले जादा मणी काढायला) आणि डिपिंगला (घड औषधाच्या पाण्यात बुडवायला) उभ्या असतात त्या बाया कॅनव्हासवर मला फार कमी दिसल्या, नाशिकच्या तरुण चित्रकारांनी हे मनावर घ्यावं असं मनापासून वाटतं.

प्रश्न : मी चित्रकलेच्या फाउंडेशन कोर्सला आहे. फ्रेंच चित्रकार मोनेचं ते बागेतल्या बायकांचं मोठं पेंटिंग त्याने म्हणे बाहेर उघड्यावर केलं, एवढा मोठा कॅनव्हास कसा हाताळला असेल? आम्हाला गोदाघाटावर ए-थ्री साइजचा कागद सांभाळता येत नाही.
– कलाविद्यार्थी, नाशिकरोड

उत्तर : कॅनव्हास अडीच मीटरहून उंच. मोने तेव्हा पंचविशीतला, 1866 चा उन्हाळा, गाव व्हील द'आव्रे. वरचा भाग रंगवायला शिडीवर चढलं की डोळ्याची उंची बदलते, सगळं दृश्य बदलतं, म्हणून त्याने बागेत चर खणून घेतला आणि कपीने कॅनव्हास त्यात खाली सोडायचा, की उभं राहायची जागा तीच राहते. काही काम नंतर खोलीत पूर्ण केलं. मॉडेल त्याची मैत्रीण कमील, एकटीने वेगवेगळ्या पोशाखांत बहुतेक सगळ्या बायकांसाठी पोझ दिली. 1867 च्या सलाँने, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या अधिकृत चित्रप्रदर्शनाने, ते पेंटिंग नाकारलं, मग मित्र बाझीयने 2500 फ्रँकला घेतलं, तेही महिन्याला 50 फ्रँकच्या हप्त्याने, म्हणजे मोनेच्या घरचा खर्च चालावा म्हणून. आज ते पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे. तू त्यातल्या पांढऱ्या झग्यावरच्या सावल्या बघ, निळ्या-जांभळ्या आहेत, काळा रंग नाही. घाटावर दुपारी पांढऱ्या धोतरावर पडलेली सावली नीट निरखलीस तर तुलाही तेच दिसेल. कागदाला चार क्लिपा आणि मागे प्लाय लाव, वाऱ्याचं काम भागेल.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. असं काही प्रत्यक्ष बघायला नाशिकहून कुठे जाता येईल?
– पंचवटी

उत्तर : सर, सगळ्यात जवळ चांदवडचा होळकरांचा रंगमहाल, तिथे भिंतींवर जुनी चित्रं आहेत, बरीचशी पुसट झालीत, तरी जा. लघुचित्रांसाठी सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा, तिथला संग्रह मोठा आहे आणि जमलं तर सोबत भिंग ठेवा. रविवर्म्याची मूळ तैलचित्रं बघायची असतील तर बडोद्याला राजवाड्याच्या आवारातलं म्युझियम. पुण्याच्या मंडळातलं निजामशाही हस्तलिखित बघायचं असेल तर मात्र आधी फोन करून परवानगी मिळते का ते विचारा आणि मगच गाडीत बसा.