बडोद्यात एएची मीटिंग कशी शोधायची? दारूबंदीची अडचण येते का?

पुण्यात सात महिने एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, मीटिंगला जात होतात, बदली होऊन बडोद्याला आलात, मीटिंग सुटली आणि महिन्याभरापूर्वी दारू परत सुरू झाली, असं तुम्ही लिहिलंय. इथे एए आहे का, मराठीत आहे का, आणि जिथे पिणं हाच गुन्हा तिथे असं उघड जायचं कसं, हे तुमचे प्रश्न. मी दांडिया बाजारातला. इथेच प्यालो, इथेच सुटली. नऊ वर्षं झाली.

शेवटच्या प्रश्नानेच मला दोन वर्षं अडवलं होतं, म्हणून तो आधी घेतो. परमिटशिवाय पिणं इथे गुन्हा आहे, खरंय. मुंबई राज्याचा १९४९चा कायदा, १९६० साली गुजरात वेगळा झाला तरी चालूच राहिला. पण मीटिंगमध्ये रजिस्टर नाही, ओळखपत्र नाही, आडनावसुद्धा कोणी विचारत नाही. नऊ वर्षांत दाराशी पोलीस आलेला मी पाहिला नाही. आणि खरं सांगू, मला भीती पोलिसांची नव्हतीच. बंदीमुळे आपलं सगळं घरातल्या घरात चालतं. खेपिया स्कूटरच्या डिकीतून बाटली आणून देतो, बायको ती मोरीत ओतते, आणि गल्लीत आपण सज्जन. आमच्याकडे तर कोणाच्या मुलीला बघायला कोण आलं हे अर्ध्या तासात चार घरी कळतं. मीटिंगला कोणी ओळखीचं भेटलं तर? भेटलंच. आमच्या गल्लीतले एक काका, गणपतीत आरतीला सगळ्यांत पुढे असणारे, तिथे खुर्च्या मांडत होते. ‘‘ये, इथे बस, हाच पंखा जरा चालतो,’’ एवढंच म्हणाले. बाहेर भेटले की अजूनही ते फक्त पावसापाण्याचं बोलतात.

आता शोधायचं कसं. एए इंडियाच्या संकेतस्थळावर शहरानुसार मीटिंगा आणि फोन नंबर मिळतात. पण नुसती यादी बघून निघू नका. खोली बहुधा शाळेची नाहीतर चर्चची असते. परीक्षा आल्या, सण आले की वार आणि वेळ बदलते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. ‘देवाच्याच मनात नाही’ म्हणत मी तिथूनच खेपियाला फोन लावला होता! तेव्हा आधी फोन करा आणि आज नक्की आहे ना, ते विचारून घ्या. बायकोला सोबत न्यायचं असेल तर मीटिंग ओपन आहे का तेही विचारा. क्लोज्डमध्ये फक्त आपली मंडळी. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं, त्याचीही चौकशी त्याच फोनवर होईल.

मी जातो तिथे शेअरिंग गुजराती आणि हिंदीत चालतं. मी पहिल्यांदा घाईघाईत ‘हूं आल्कोहोलिक छूं’ म्हणालो आणि पुढचं सगळं मराठीत सांगत सुटलो. कोणी थांबवलं नाही. बडोद्याच्या माणसाला मराठी कळतं हो.

तुमच्या लिहिण्यात मला एक खटकलं: पुण्याच्या स्पॉन्सरला, म्हणजे तिथे तुम्हाला साथ देणाऱ्या जुन्या सभासदाला, अजून कळवलेलं नाही. मीटिंग मिळेल तेव्हा मिळेल, तो फोन आजच करा. त्यांचा ग्रुप ऑनलाइन बसत असेल तर इथली जागा सापडेपर्यंत तिथे बसा. ‘परत पहिल्या दिवसापासून मोजायचं’ याची लाज वाटत असेल. मोजावं लागतंच. माझी ही नऊ वर्षं तिसऱ्या मोजणीची आहेत.

आणि हा महिनाभर रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टर. हात थरथरणं, घाम, झोप उडणं इथवर ठीक, पण फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेततं. मला तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्यांची रांग दिसत होती आणि मी चपलेने भिंत बडवत होतो. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मनोरुग्णालय आहे. नावाला घाबरू नका, दारूसाठी जाणारे आपण पहिले नसतो. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, पैसे पडत नाहीत.

मीटिंगलाही फी नाही. शेवटी पेटी फिरते, तीत सभासदांनी जमेल ते टाकायचं. पहिल्या दिवशी तुम्ही टाकू नका. बोलायची सक्तीही नाही. ‘आज नुसतं ऐकतो’ म्हटलं की पाळी पुढे जाते. मी सहा वेळा तेच म्हणालो. सातव्या वेळी काकांनी माझ्याकडे न बघताच चहाचा कप पुढे सरकवला आणि म्हणाले, ‘‘घसा ओला कर, मग बोल.’’