क्रम बदलला की विभागाची पी-व्हॅल्यू बदलते? माझंही हेच झालं होतं

तुमची पोस्ट वाचून अगदी जुने दिवस आठवले. टू-वे अॅनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांत खरा फरक आहे का ते तपासणारी पद्धत), त्यात विभाग आणि अनुभव असे दोन फॅक्टर (म्हणजे गट पाडणाऱ्या गोष्टी), कर्मचाऱ्यांचा समाधानाचा स्कोअर, आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये विभाग आधी लिहिला तर तो सिग्निफिकंट (पी-व्हॅल्यू छोटी, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही), अनुभव आधी लिहिला तर गायब, आणि मैत्रिणीच्या एसपीएसएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिसरंच काहीतरी. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही आणि तुमचंही काही चुकलेलं नाही. पण इंटरॅक्शनची ओळ बघा (विभागाचा परिणाम अनुभवानुसार बदलतो का, ते सांगणारी), ती सगळीकडे सारखीच आली असणार.

गडबड आहे ती गटांतल्या माणसांच्या संख्येत. माझा आकडा सोपा करून सांगते. माझ्याकडे 100 फॉर्म होते. सेल्समध्ये 40 नवीन आणि 10 जुने, अकाउंट्समध्ये 10 नवीन आणि 40 जुने. नवीन लोकांची सरासरी दोन्हीकडे 60, जुन्यांची दोन्हीकडे 70. म्हणजे विभागाने काडीचाही फरक पडत नाही. पण नुसती विभागाची सरासरी काढलीत तर सेल्स 62 आणि अकाउंट्स 68! हा 6 चा फरक अनुभवाचा आहे, पण आरचं साधं अॅनोव्हा टाइप वन वापरतं, म्हणजे जो फॅक्टर आधी लिहाल त्याच्या पदरात दोन्ही फॅक्टरचा सामाईक वाटा आधी टाकतं. मी विभाग आधी लिहिला होता, का तर फॉर्मवर तो कॉलम आधी होता, बस. आणि त्यावर 'सेल्सची माणसं नाराज आहेत' अशी मोठी स्लाइड करून मीटिंगमध्ये दाखवली. सेल्सचे साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, माझ्याकडे सगळी नवीन पोरं आहेत, ते धरलंय का?" मला घाम फुटला.

मग मी गेले एका सांख्यिकी मदत कक्षाकडे (नाव घेत नाही, पण फी मात्र वेळेवर घेतली). तिथे दोन चकरा झाल्यावर उत्तर मिळालं, 'सगळ्या गटांत संख्या सारखी करा, जास्तीचे काढून टाका.' आता हे तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही, संख्या सारखी झाली की क्रमाचा प्रश्न मिटतोच. पण सारखी करायची म्हणजे प्रत्येक गटात 10, म्हणजे 100 पैकी 60 फॉर्म केराच्या टोपलीत! आणि मी शहाणीने ते केलं, वर मूळ फाइलवरच सेव्ह केलं. नशीब कागदी फॉर्मचा गठ्ठा कपाटात होता, तीन रात्री बसून परत एंट्री केली. असला सल्ला कुणी दिला तर माझं वैयक्तिक मत, तिथून उठायचं. भरलेले फॉर्म फेकायला नसतात.

मी आता काय करते ते सांगते, मी एचआरवाली आहे, स्टॅटिस्टिशियन नाही, तेव्हा गाइडला एकदा विचाराच. आधी सरासरीचा इंटरॅक्शन प्लॉट काढते. रेषा साधारण समांतर आणि इंटरॅक्शन नगण्य असेल तर आरच्या 'कार' या जोड-पॅकेजमधलं टाइप टू (प्रत्येक फॅक्टर दुसरा धरून मोजतं), क्रमाची कटकटच नाही. इंटरॅक्शन खरंच असेल तर विभागाचा एकूण परिणाम सांगण्यात फारसा अर्थ उरत नाही, प्रत्येक अनुभव-गटात विभागांची वेगळी तुलना करा. एसपीएसएस आपणहून टाइप थ्री देतं (प्रत्येक फॅक्टर मोजताना इंटरॅक्शनही धरतं), म्हणून मैत्रिणीचं वेगळं आलं. तेच आरमध्ये हवं असेल तर मॉडेल चालवायच्या आधी काँट्रास्ट (गट आकड्यांत मांडायची पद्धत) 'सम' वाले लावा, नाहीतर आरच्या डीफॉल्ट काँट्रास्टवर मुख्य परिणामांच्या ओळी भलतंच काहीतरी तपासतात आणि कुठेही एरर येत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

आणखी एक, विषय निघालाच आहे म्हणून. विभागांना 1, 2, 3, 4 असे कोड दिले असतील तर ते फॅक्टर म्हणून गेलेत ना ते बघा. चार विभागांना निकालाच्या तक्त्यात डिग्रीज ऑफ फ्रीडम (गटसंख्या वजा एक) 3 यायला हवेत. 1 दिसला तर आर विभागाला वजन-उंचीसारखा आकडा समजतंय. आणि नॉर्मॅलिटी (घंटेच्या आकाराचं वाटप आहे का) रेसिड्युअल्सची, म्हणजे प्रत्यक्ष स्कोअर वजा मॉडेलचा अंदाज याची तपासा, कच्च्या स्कोअरची नाही, यावर मी अर्धा दिवस घालवलाय.

कुठल्या गटात किती माणसं आहेत तेवढा तक्ता टाका इथे. एखादा गट रिकामा असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू होणार नाही, मग वेगळं बघावं लागेल.