चार फुटांचं चित्र फ्रेम करायचंय

प्रश्न : माझ्या आत्यानं तरुणपणी जाड कागदावर जलरंगात काढलेलं नदीकाठचं चित्र इतकी वर्षं गुंडाळी करून कपाटात पडून होतं. माप ४ फूट बाय ३ फूट. आत्या आता आमच्याकडेच असते, म्हणून ते बैठकीच्या खोलीत लावायचं ठरवलंय. फ्रेमवाले म्हणतात, प्लायवर चिकटवून वर काच बसवू, म्हणजे सुरकुत्या राहणार नाहीत. मागे तार लावली की एका खिळ्यावर टांगता येईल. तसं करू का?

उत्तर : चिकटवू अजिबात देऊ नका. बाकी सगळं पुढे बदलता येतं, हे नाही. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. प्लाय त्याच्याइतका हलत नाही. सुरुवातीला चित्र इस्त्री केल्यासारखं दिसेल, मग फुगे धरतील, आणि सोडवायला गेलं की कागदाचा पापुद्रा प्लायलाच राहील. मी फ्रेम बांधताना आधी एवढंच बघतो की उद्या ती उघडली, तर चित्र जसं आत गेलं तसंच बाहेर आलं पाहिजे.

त्यासाठी चित्राच्या मागच्या बाजूला फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या लावतात, गव्हाच्या स्टार्चच्या खळीनं. ही खळ पाण्यानं सुटते. चित्र पट्ट्यांवर लोंबतं आणि बाकीच्या तीन बाजू मोकळ्या राहतात. थोडीशी लाट दिसेल. दिसू द्या, तो कागद आहे. गुंडाळीचा बाक मात्र आधी काढायला हवा: स्वच्छ कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवून वर सारखं वजन. इस्त्री नको. रंगाला तडे असतील किंवा कडा तुटत असतील, तर आधी कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

मागचा बोर्ड आम्लमुक्तच मागा. साध्या बोर्डानं काय होतं ते जुनी फ्रेम उघडली की कळतं. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवती खिडकी कापून बसवलेल्या बोर्डाच्या, तिरक्या कापाला आतून तपकिरी रंग चढलेला असतो आणि नेमकी तेवढीच तपकिरी रेघ चित्रावर चारी बाजूंनी उमटलेली असते. बोर्डातलं आम्ल कागदात उतरलेलं असतं. पुसून ते जात नाही.

तुमच्या मापाची एक खास अडचण आहे. माउंट बोर्डाचा मोठा ताव बहुधा ६० बाय ४० इंचांचा मिळतो. चित्र ४८ बाय ३६. म्हणजे चारी बाजूंना सारखी जागा सोडायची तर २-२ इंचच सोडता येतात, आणि एवढ्या मोठ्या चित्राभोवती २ इंचांची खिडकी कोंदट दिसते. मी खिडकी कापणारच नाही. चित्र बोर्डावर मोकळं ठेवीन, कागदाच्या कडा दिसू देईन, आणि फ्रेमच्या खाचेत आतून १० मिलिमीटरची पट्टी बसवून काच दूर धरीन. जलरंगाला काच टेकता कामा नये. काचेच्या आत दव धरलं की रंग तिला चिकटतो, बुरशी येते.

काच की अ‍ॅक्रिलिक? ५२ बाय ४० इंचांची ३ मिलिमीटर काच एकटीच १० किलोंची होते. ४ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक साडेसहा किलोंच्या आत बसतं आणि पडलं तर चित्रात काचा घुसत नाहीत. ओरखडे पटकन पडतात, म्हणून कोरड्या फडक्यानं पुसू नका. (पेस्टल किंवा कोळशाचं चित्र असतं, तर अ‍ॅक्रिलिकला नाही म्हटलं असतं, त्याची स्थिर वीज भुकटी ओढून घेते.) अतिनील किरण अडवणारं मिळालं तर तेच घ्या. तरी रंग नुसत्या उजेडानंही विटतात, तेव्हा खिडकीसमोरची भिंत टाळाच.

आता टांगणं. तार जितकी ताणून बसवाल, तितकी तिच्यावरची ओढ वाढते. एका खिळ्यावर तार आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर तिच्या प्रत्येक बाजूवर फ्रेमच्या पूर्ण वजनाइतका ताण येतो; १० अंशांवर जवळजवळ तिप्पट. फ्रेमचं सगळं मिळून १५ किलो धरलं, तर १० अंशांवर तार अडकवलेली प्रत्येक कडी ४० किलोंहून जास्त ओढली जाते. म्हणून तार नकोच. लाकडी पट्टी ४५ अंशांत तिरकी चिरून घ्या, एक भाग भिंतीला प्लग-स्क्रूनं, दुसरा फ्रेमच्या पाठीला. दोन्ही एकमेकांत अडकतात, वजन सगळ्या रुंदीवर पसरतं आणि फ्रेम वाकडीही होत नाही. खालच्या कोपऱ्यांत पट्टीच्याच जाडीचे रबरी ठोकळे लावा, म्हणजे पाठीमागे हवा खेळेल. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत असेल, तर ठोकळे लावूनही तिथे हे चित्र नको. आतली भिंत शोधा.

फ्रेमवाल्यांना हे सगळं पटलं नाही, तरी चिकटवण्याचं आणि बोर्डाचं पावतीवर लिहून घ्या.