अज्जीला सगळं कळलंय

*मावशी, मी खानापूरहून रोज सकाळच्या बसने बेळगावला कामाला जाते. चार महिने झाले, बिडी गावाकडची एक अज्जी माझ्याच शेजारी बसते. मेथी-शेपूचं बोचकं माझ्या पायावर टेकवते आणि साऱ्या बसला ऐकू जाईल अशी कन्नडमधून माझी टवाळी करते. डबा केवढासा, केसाला तेल नाही, मोबाईलमधून तोंड वर येत नाही. (मला कन्नड येतं, पण येत नाही असं दाखवते.) बायका हसतात. परवा कंडक्टर तिचं आधार कार्ड बघून म्हणाला, फोटो तुमचा वाटत नाही. ती म्हणाली, "तेव्हा मी म्हातारी होते." मला हसू फुटलं, खोकला काढून कसंबसं निभावलं. तेव्हापासून तर ती जास्तच मोठ्यानं बोलते. आधीची बस धरावी म्हणतेय. काय करू?*

अगं, मुद्दा तेवढा कंसात कोंबलास होय?

चार महिने शेजारी बसून सगळं ऐकतेस आणि चेहरा असा, की जणू परमुलखातून आलीस. वर तक्रारही तुझीच. आणि त्या खोकल्यानं कुणाला फसवलंस? कंडक्टरला फसवलं असशील. जिनं आयुष्यभर बाजारात गिऱ्हाईकाचं तोंड वाचलं, तिला हसणं आणि खोकणं यातला फरक कळत नाही? त्या दिवसापासून ती मोठ्यानं बोलते, हे तूच लिहिलंयस. आता ती बसला ऐकवत नाही, तुला ऐकवते. कधी फुटतेय बघू, म्हणून.

आणखी एक. ११ जून २०२३ ला कर्नाटक सरकारची शक्ती योजना आली, बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाला, तेव्हापासून आपल्याकडच्या सकाळच्या बसची काय गत असते ते मला ठाऊक आहे. आधार दाखवून शून्याचं तिकीट मिळतं, सीट मिळत नाही. मग एवढ्या रेटारेटीत रोज तुमची जोडी कशी काय जमते? जागा कोण धरतं? तिचं बोचकं, की तुझी पर्स? ते काही तू लिहिलं नाहीस.

"आमच्या घरी कन्नड बोलत नाहीत" वगैरे मला सांगू नकोस. माझ्या वडिलांनी बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा १ नोव्हेंबरचा काळा दिवस एकदाही चुकवला नाही, आणि बेळगावच्या शनिवारच्या बाजारात मिरचीची घासाघीस कन्नडमधूनच केली, तीही पाच रुपयांसाठी. सीमाप्रश्न १९५६ पासून आहे, तुझं सोंग चार महिन्यांचं. पहिल्या दिवशी बोलायचा कंटाळा आला, मान हलवलीस, आणि मग माघार घ्यायची लाज वाटली. एवढंच झालंय ना?

डबा केवढा, केसाला तेल का नाही, हे परक्या माणसाला कोण विचारतं गं?

बस बदलायची नाही. सोमवारी अज्जी डब्यावर घसरली की तिथंच झाकण काढ, डबा तिच्यापुढे धर आणि म्हण, "तगोरी अज्जी," घ्या अज्जी. बसभर खसखस पिकेल. वाटेतल्या मच्छेपासून पिरनवाडीपर्यंत तुझी फजिती होईल, होऊ दे की.

आणि त्या दिवशी डबा जरा मोठा ने.