घराआधी हप्ता

प्रिय मुली,

रविवारपर्यंत एक्कावन्न हजारांचं टोकन भरलं तर मॉड्युलर किचन फुकट, असं तू परवा फोनवर सांगितलंस तेव्हा मी नुसतं "हं" म्हटलं. घरात पाहुणे होते आणि तुझ्या आवाजात इतका आनंद होता की लगेच काही बोलवेना. आज सगळे गेल्यावर निवांत लिहायला बसले आहे. रविवारी टोकन देऊ नकोस. घर घे, जरूर घे, स्वतःच्या नावावर घे. पण या रविवारी नको.

इथे नाशिकला अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी स्टोअर सांभाळलं. आलेला माल मोजल्याशिवाय चलनावर सही करायची नाही, हे तू कामाला लागलीस तेव्हा मी तुला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तेच इथे करू या.

घर तीस लाखांचं. साइट ऑफिसमधला मुलगा म्हणाला, नव्वद टक्के कर्ज होतं. खोटं नाही ते. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमात तेवढी मुभा आहे. पण हे नव्वद टक्के घराच्या किमतीचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत, तो तुझ्या खिशातून जातो. आपल्याकडे शहरात मुद्रांक शुल्क सहा टक्के. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट, म्हणजे तुला दीड लाख. नोंदणी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. बांधकाम चालू आहे म्हणून वर जीएसटी. पंचेचाळीस लाखांच्या आतलं आणि लहान घर असल्यामुळे तो एक टक्काच, पण तेही तीस हजार झाले. दोन लाख दहा हजार इथेच गेले. कर्जाबाहेरचे तीन लाख धर. तुझ्याकडे आहेत दीड लाख. उरलेल्यासाठी त्याने पर्सनल लोन सुचवलं ना? तिथेच मला धडकी भरली.

सत्तावीस लाखांचा साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साडेतेवीस हजारांच्या आसपास बसतो. चार लाखांच्या पर्सनल लोनचे पाच वर्षं महिन्याला साधारण नऊ हजार. हातात येणारा पगार एक्केचाळीस. त्यातून येवल्याला आईला सहा हजार पाठवतेस, ते बंद करणार नाहीस आणि करूही नयेस. मग खाणार काय? ताबा मिळेपर्यंत बँक कदाचित नुसतं व्याज घेईल, पण तोवर खोलीचं भाडंही चालूच राहणार.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की घर नसताना हप्ता सुरू कर.

कर्ज चोवीस लाखांच्या वर न्यायचं नाही असं ठरव. त्याचा हप्ता वीस हजार आठशेच्या घरात येतो. तू आज भाडं भरतेस साडेसात हजार. म्हणजे तेरा हजार तीनशे बाकी राहिले. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते आरडीत, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीत, गेले पाहिजेत, आपोआप, हात न लावता. असं चार वर्षं. व्याज धरून सव्वासात लाखांच्या आसपास जमतील, त्यात तुझे दीड लाख आणि त्यांचं व्याज मिळव. दिवाळीचा बोनस मी मुद्दाम धरला नाही, तो आजारपणासाठी आणि घरच्या अडीनडीसाठी वेगळा ठेव. घराचे सहा लाख, सरकारचे दोन लाख, वकील, वीजमीटर, देखभालीची ठेव असं सगळं धरून नऊ लाखांची तयारी हवी, आणि तू तिथवर पोहोचतेस.

चार वर्षांत भाव वाढतील, असं तो मुलगा म्हणेल. वाढतील कदाचित. तुझा पगारही वाढेल, आणि वाढला की आरडीही वाढव. पण मी हा हप्ता आधी भरायला सांगते ते काही नुसते पैसे जमावेत म्हणून नाही. वीस हजार आठशे दर महिन्याला गेल्यावर आपण कसे जगतो, हे तुला घर घेण्याआधी कळलेलं असेल. आम्ही सिडकोत एका खोलीत भाड्याने राहायचो तेव्हा असंच केलं होतं. महिन्याला अडीच हजार, पाच तारखेच्या आत. पहिल्या वर्षी तीनदा चुकलं. एकदा गणपतीत, एकदा नणंदेच्या बाळंतपणात, आणि एकदा काहीच कारण नसताना. त्या तिसऱ्या वेळेला मी सहा महिन्यांचा हिशेब मांडून बसले. मोठा खर्च एकही सापडला नाही. रिक्षा, बाहेरचं खाणं, कोणाच्या तरी साडीच्या हप्त्यात आपलीही एक साडी. बँकेच्या खऱ्या हप्त्याला असं तीनदा चुकून चालत नाही. आमचं चुकलं ते आमच्याच पासबुकात, त्यामुळे निभावलं.

हे पैसे ठेवायचे बँकेत किंवा पोस्टात. कोणी दीड टक्का जास्त देतो म्हणून पतसंस्थेत नको. बँक बुडाली, मग ती सहकारी का असेना, तर पाच लाखांपर्यंत ठेवीला विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. भिशीसुद्धा नको. भिशीतल्या बायका चांगल्या असतात, मीही वर्षानुवर्षं लावली आहे, पण घराचे पैसे तिथे ठेवू नयेत.

आणखी एक आकडा सांगते, तो उशीखाली ठेव. चोवीस लाखांच्या कर्जाचा पहिला हप्ता भरशील तेव्हा त्यातले सतरा हजार व्याजात जातात. मुद्दल फिटते अडतीसशे रुपये. वीस वर्षांत बँकेला तू जवळजवळ पन्नास लाख देतेस. तेच पंधरा वर्षांत फेडलंस तर हप्ता अठ्ठावीसशेने वाढतो आणि एकूण साडेसात लाखांच्या आसपास वाचतात. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरण्याचा दंड नाही. सुरुवातीच्या वर्षांत बोनस जमेल तेवढा मुद्दलात टाकत जा.

आता जागेविषयी, कारण तिथे आम्ही थोडक्यात वाचलो.

२००८ च्या जानेवारीत आम्ही नदीजवळ एक फ्लॅट पाहिला होता. पहिला मजला, खिडकीतून गोदावरी, सकाळचं कोवळं ऊन, मी तर तिथे पडदे कुठल्या रंगाचे लावायचे तेही ठरवलं होतं. दिवाळीला व्यवहार करायचा होता. सप्टेंबरात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि पूर आला. नाशिककर पूर कसा मोजतात ते तुला एव्हाना माहीत झालं असेल, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावर. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघं त्या इमारतीपाशी गेलो. पार्किंगमध्ये घोट्याएवढा गाळ, त्यात आडव्या पडलेल्या स्कूटर, आणि भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला एक सरळ तपकिरी रेघ. मीटरच्या पेटीतून अजून पाणी गळत होतं. तळमजल्यावरच्या एक बाई सुनेच्या लग्नातला शालू बादलीत धूत होत्या. आम्ही न बोलता परत फिरलो.

पूररेषा हा शब्द मी त्यानंतर ऐकला. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जागा गोदावरीच्या किंवा नासर्डीसारख्या तिच्या उपनदीच्या आसपास असेल तर शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ती कुठल्या रेषेच्या आत येते ते नकाशावर पाहायचं. विकणारा सांगतो त्यावर विसंबायचं नाही. आणि कुठलंही घर असो, ते पावसात बघायचं. हिवाळ्यात नाशिकमधलं प्रत्येक घर सुंदर दिसतं. आषाढात जा. दुसरी पाळी सुटल्यावर रात्री अकराला त्या रस्त्याने एकदा घरापर्यंत ये, दिवे आहेत का, कुत्री किती, तुला धीर होतो का ते बघ. सकाळी सातला जाऊन खालच्या बायकांना विचार, नळाला पाणी किती वेळ येतं आणि मार्च-एप्रिलमध्ये टँकर लागतो का. या दोन गोष्टींचं खरं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

कागदांचं मी वकिलावर सोडते, तूही सोड, पण वकील तुझा असू दे, बिल्डरने सुचवलेला नको. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घे, म्हणजे जागेचे आधीचे मालक आणि तिच्यावरचे बोजे यांचा तपास. बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या महारेरा या सरकारी प्राधिकरणाने दिलेला प्रकल्पाचा नंबर त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघ, ताबा कधी द्यायचा लिहिलंय आणि आधी तारीख वाढवून घेतली आहे का ते तिथेच दिसतं. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागणं कायद्याला धरून नाही. भाव नेहमी कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर बोलायचा. आणि तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, पाहिल्याशिवाय पुढे सरकायचंच नाही.

नावाबद्दल मात्र नीट ऐक. आमच्या घराचा अर्धा हप्ता माझ्या पगारातून गेला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पण इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणीनंतर मिळणाऱ्या उताऱ्यावर, एकच नाव होतं, माझं नव्हतं. कोणी मुद्दाम केलं असं नाही. नोंदणीच्या दिवशी मला रजा मिळाली नाही, आणि "नंतर लावू" असं ठरलं. ते नंतर यायला अकरा वर्षं गेली, मग बक्षीसपत्र करून नाव लागलं. त्या अकरा वर्षांत भांडण कधी झालं नाही, तरी सोसायटीच्या सभेला मला "मिसेस" म्हणून बोलवायचे आणि सही यांचीच घ्यायचे. मला ते दर वेळी लागायचं. तुझं लग्न होईल, चांगला मुलगा मिळेल. घर त्याआधी घेतलंस तर तुझं एकटीचं नाव राहू दे. नंतर दोघांनी मिळून घेतलंत तर पहिलं नाव कोणाचं हे हप्ता कोण भरतं त्यावर आधी बोलून घ्या. नोंदणीच्या दिवशी रजा टाक. बिनपगारी पडली तरी टाक.

आणि किल्ली हातात आली की पुन्हा तोच धीर धर. ही चूक मी केली आहे, त्यामुळे जरा लांबवते.

आम्ही २०१० च्या मे महिन्यात राहायला गेलो. वास्तुशांत झाली, दूध उतू घातलं, आणि दुसऱ्याच दिवशी सुतार लावला. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत कपाट, पंच्याऐंशी हजारांचं. कर्ज काढूनच केलं. जुलैमध्ये मी दसऱ्याच्या साड्या वर ठेवायला दार उघडलं तर ओल्या पोत्यासारखा वास आला. मागच्या प्लायवर हात फिरवला, तो फुगून पापुद्रे सुटले होते आणि बोटांना हिरवट बुरशी लागली. आपल्याकडे पावसाची झोड पश्चिमेकडून बसते, बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी भेग होती, आणि ती दिसायच्या आत आम्ही भिंत झाकून टाकली होती. सगळं उचकटावं लागलं. बांधकामातल्या अशा दोषाची तक्रार ताब्यापासून पाच वर्षांत केली तर बिल्डरला ते फुकट दुरुस्त करून द्यावं लागतं, ही पाच वर्षांची मुदत रेरा कायद्याने आणली. आमच्या वेळी ती तीनच वर्षांची होती. तुला पाच आहेत, पण तक्रारीसाठी भिंत उघडी असायला हवी, फोटो हवेत, तारखेसकट लेखी पत्र हवं.

म्हणून एक पावसाळा घर रिकामं राहू दे. पंखे, दिवे, खिडक्यांना जाळ्या, दाराला चांगलं कुलूप, एवढं पुरतं. गादी जमिनीवर घाल. ऊन कुठल्या महिन्यात कुठवर येतं, तुळस कुठे तगते, दुपारच्या झोपेला कुठली खोली बरी, हे राहून कळतं. चहाचा कप घेऊन तू आपोआप जिथे जाऊन बसशील, तिथे खुर्ची ठेव. वर्षाने सुतार बोलव.

ओटा मात्र आधीच बघ, कारण तो नंतर हलत नाही. त्या फुकटच्या मॉड्युलर किचनची उंची कोणी ठरवली? तू पाच फूट एक इंच. पोळपाट ठेवून लाटायला उभी राहा, कोपरापासून चार बोटं खाली हात सहज टेकतो का बघ. माझा ओटा माझ्यापेक्षा उंच बाईसाठी केल्यासारखा होता, नऊ वर्षं मी पाटावर उभी राहून पोळ्या लाटल्या.

तुझ्या घरात पहिलं काय न्यायचं ते मी ठरवून ठेवलं आहे. भांडी बाजारातून तांब्याची कळशी, माझ्याकडून. जुन्या तांबटाकडची, हातोडीचे ठोके दिसतात तशी. ती चार वर्षांनी घेईन. नाव घालायला मात्र तूच बरोबर ये, अक्षर कसं हवं ते तू सांग.

रविवारी मी अकरापर्यंत सिटीलिंकच्या बसने पाथर्डी फाट्यावर उतरते. टोकन द्यायचं नसलं तरी ती साइट आपण बघून येऊ, तुझी नजर तयार होईल. छत्री आण, चप्पल चिखलात चालेल अशी घाल, आणि मोजायची टेप माझ्याकडे आहे. येताना आरडीचा फॉर्म भरून आण, सोमवारी सकाळी पहिलं काम ते.

तुझी,
स्टोअरमधली ताई