बाळाच्या लिव्हरवर गाठ दिसली, आता काय?

प्रश्न: माझी मुलगी 3 महिन्यांची आहे, अंगावर लाल डाग सहा-सात आहेत म्हणून डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी करायला लावली तर लिव्हरमध्ये बारीक बारीक गाठी निघाल्या. सासूबाई म्हणतात तुकडा काढून तपासा, मला तर झोपच येत नाही. – एक आई, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, आधी एक घोट पाणी प्या. अंगावर असे 5 किंवा जास्त डाग असले की लिव्हरची सोनोग्राफी करतातच, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी बरोबरच केलं. या बहुतेक रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठी असतात, हिमँजिओमा म्हणतात त्यांना, अंगावरचे लाल डागही बहुधा त्याच प्रकारचे, कॅन्सर नाही. डॉपलर सोनोग्राफीत गाठीतला रक्ताचा प्रवाह कळतो, तरी शंका राहिली तर कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून औषध देऊन एमआरआय, त्यात ते औषध आधी गाठीच्या कडेला चमकतं आणि मग हळूहळू आत भरत जातं, ही ओळखीची खूण. तुकडा मात्र उगाच काढायचा नाही, रक्तस्राव होऊ शकतो, सासूबाईंना सांगा मीच म्हणालो! लिव्हरच्या कॅन्सरची शंका फेडायला एएफपी नावाच्या प्रथिनाची रक्त तपासणी करतात पण या वयात तो आकडा मुळातच जास्त असतो, रिपोर्ट बघून घाबरू नका. गाठी खूप असतील तर थायरॉइड आणि हृदयाची टूडी इको नक्की करा, कारण या गाठी थायरॉइडचं हार्मोन मोडून टाकतात आणि हृदयावरही ताण येतो. गरज पडलीच तर गाठी आकसवायला प्रोप्रानोलोल हे औषध देतात. बऱ्याच गाठी पुढे आपोआप आकसतात, तोवर सांगितलेल्या तारखेला सोनोग्राफी चुकवू नका. बाळ दूध पिताना दमत असेल, घामाघूम होत असेल तर मात्र त्याच दिवशी दाखवा.